उभा सांगाडा, राबता सांगाडा : कृत्रिम पेशींच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५, बेळगाव

आजपासून वही सुरू. काम असं : लेसिथिन या मेदाच्या पडद्याची पोकळ पुटिका, म्हणजे पेशीएवढी बारीक पिशवी करायची, तिच्या पोटात प्रथिनांच्या तंतूंचा सांगाडा उभा करायचा, आणि तो सांगाडा नुसता उभा राहतो की काही काम करतो ते पाहायचं. माझा सगळा जीव या शेवटच्या भागात आहे. बी.एस्सी.च्या पुस्तकात पेशीचा सांगाडा एका आकृतीत येतो. ॲक्टिन या प्रथिनाचे ७ नॅनोमीटर जाडीचे तंतू, १० नॅनोमीटरचे मध्यम तंतू, २५ नॅनोमीटरच्या सूक्ष्मनलिका, सगळे शाईने आखलेले, जागच्या जागी. मुलं ती आकृती पाठ करतात आणि सांगाडा म्हणजे स्थिर वस्तू असं समजून पदवी घेऊन जातात. खऱ्या पेशीत यातलं फारच थोडं जागच्या जागी असतं.

गटात चौघं. एक खानापूरची, एक येळ्ळूरचा, एक निपाणीची (ती इथे वसतिगृहात राहते) आणि एक गोकाकचा, ज्याचं शिक्षण कन्नड माध्यमातून झालंय. वही मराठीत. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मात्र मराठी आणि कन्नड दोन्हीत, कारण फ्रीजर उघडून घाईत वाचायची वेळ कुणावरही येते.

हाताशी काय आहे : फेज कॉन्ट्रास्टचा सूक्ष्मदर्शक, लहान सेंट्रिफ्यूज, उणे २० अंशांचा फ्रीजर. अतिवेगवान सेंट्रिफ्यूज नाही, फ्लुरोसन्सची सोय नाही. त्यामुळे ॲक्टिन अगदी शुद्ध मिळणार नाही आणि चमकणारे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत. जे मोजता येईल अशाच गोष्टी योजायच्या.

एक काम आजच करून टाकलं, कारण त्याला मुरायला वेळ लागतो. सकाळी कापलेल्या बोकडाच्या स्नायूच्या बारीक पट्ट्या काडीला ताणून बांधल्या आणि निम्मं ग्लिसरीन, निम्मं बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाणी) अशा द्रावणात घालून फ्रीजरमध्ये ठेवल्या. गणपतीनंतर उघडू.

२४ जून

पुटिका करण्यासाठी उलट्या पायसाची पद्धत घ्यायची ठरली. पायस म्हणजे इमल्शन, इथे तेलात पाण्याचे बारीक थेंब. पॉटो, फ्रिस्केन आणि वाइट्झ यांनी ती २००३ मध्ये मांडली. आमच्यासारख्या प्रयोगशाळेला ती जमण्यासारखी आहे. लेसिथिन पॅराफिन तेलात विरघळवायचं. आत जे भरायचं त्याचे काही मायक्रोलिटर त्या तेलात टाकून घुसळायचं, म्हणजे लेसिथिनचा एक थर पांघरलेले पाण्याचे थेंब होतात. दुसऱ्या नळीत खाली ग्लुकोजचं द्रावण, वर तेच तेल. दोघांच्या सीमेवर लेसिथिनचा थर बसायला वेळ द्यायचा. मग पायस वर ओतून हलकेच फिरवायचं. थेंब सीमा ओलांडताना दुसरा थर पांघरतात आणि खाली उतरतात ते दुपदरी पडदा घेऊनच. आत सुक्रोज ३०० मिलिमोलर, बाहेर ग्लुकोज तेवढंच. दोन्हीकडचा दाब सारखा राहतो, पण सुक्रोज जड असल्यामुळे पुटिका तळाशी बसतात आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये उठून दिसतात.

अडचण पावसाची. तेलातल्या लेसिथिनला दमट हवा सोसत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या खाइश्ये कुंडरिंक यांच्या गटानेही हवेतल्या आर्द्रतेवर बारीक लक्ष ठेवावं लागतं असं लिहिलंय. बेळगावात जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. आम्ही सिलिका जेल भाजून डेसिकेटर, म्हणजे ओलावा शोषणारी बंद पेटी, भरला, तेल गरम करून रात्रभर ढवळत ठेवलं, आणि बाटलीचं झाकण फक्त कोरड्या पेटीतच उघडायचं असा नियम केला.

५ जुलै

पुटिका मिळाल्या. गोल, स्वच्छ कडांच्या, बहुतेक दहा ते तीस मायक्रॉनच्या. काहींच्या पडद्यात तेलाचा ठिपका अडकलेला दिसतो, त्या मोजणीतून वगळायच्या.

१९ जुलै

श्रावण लागायच्या आत कोंबडीचं काम उरकायचं होतं. गटातल्या दोघांच्या घरी श्रावणात मांसाला हात लावत नाहीत, आणि प्रकल्पासाठी कुणाला तो नियम मोडायला लावणं मला पटत नाही. म्हणून आज दिवसभर ॲसिटोन पावडर.

कृती जुनी आहे. छातीचं मांस बारीक करून गार मिठाच्या द्रावणाने धुवायचं, म्हणजे मायोसिन, ॲक्टिनला ओढणारं स्नायूतलं दुसरं प्रथिन, निघून जातं. मग बायकार्बोनेट, मग पाणी, शेवटी गार ॲसिटोन, आणि मलमलीवर पसरून कोरडं करायचं. खिडक्या उघड्या, बर्नर बंद. संध्याकाळी पांढरट, भुरभुरीत पूड मिळाली. हवाबंद डब्यात फ्रीजरला ठेवली तर ती बराच काळ टिकते.

ॲक्टिनचा शोध मोठ्या सामग्रीवर लागलेला नाही, हे मुलांना मुद्दाम सांगितलं. हंगेरीतल्या सेगेदमध्ये, आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, महायुद्ध चालू असताना ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ च्या सुमाराला स्नायूतून हे प्रथिन वेगळं केलं. स्नायू ॲसिटोनने वाळवायचा, पाण्याने काढा करायचा, मीठ घातल्यावर द्रावण किती दाटतं ते पाहायचं. यातलं प्रत्येक पाऊल आमच्या टेबलावर होऊ शकतं.

२६ जुलै

पूड बर्फावर ठेवून अर्धा तास काढा केला. बफरमध्ये थोडा एटीपी (पेशीचं इंधन असलेला रेणू) आणि थोडं कॅल्शियम, पीएच आठ. काढा गारच हवा, नाहीतर ट्रोपोमायोसिन हे नको असलेलं प्रथिन सोबत उतरतं. बर्फ मासळीच्या बाजारातून आणला.

या काढ्यात ॲक्टिन सुट्या रेणूंच्या रूपात आहे. प्रत्येक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा, वजन सुमारे ४२ किलोडाल्टन, पोटात एक एटीपी. पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिमोलर आणि मॅग्नेशियम २ मिलिमोलर घातलं की रेणू एकमेकांना जोडून तंतू होतात. तंतू झाले हे कळायचं कसं? दाटपणा मोजणाऱ्या ओस्टवाल्डच्या व्हिस्कोमीटरला पुष्कळ द्रावण लागतं आणि वाहताना तंतू तुटतात. गोळी पडायला लागणारा वेळ मोजणं बरं : बारीक काचनळीत द्रावण भरून ती तिरपी धरायची आणि आतून पोलादाची बारीक गोळी किती वेळात उतरते ते पाहायचं. मॅक्लीन-फ्लेचर आणि पोलार्ड यांनी १९८० मध्ये ॲक्टिनसाठी ही पद्धत बसवली. शंभरेक मायक्रोलिटर द्रावण पुरतं.

गोळीसाठी उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. येळ्ळूरच्या मुलाचे मामा तिथल्या एका कारखान्यात आहेत. त्यांनी मिलिमीटरहून लहान छर्रे कागदाच्या पुडीत बांधून दिले.

“बाई, एवढ्या बारक्या छऱ्यांचं काय करायलाय तुम्ही?”

कोंबडीच्या मांसातून काढलेलं पाणी मीठ घातल्यावर किती दाटतं ते मोजायचंय, असं सांगितलं. मामा थोडं थांबले आणि म्हणाले, “मग सगळे छर्रे एका मापाचे पाहिजेत. थांबा, मायक्रोमीटर लावून देतो.” प्रत्येक छर्रा मोजून, निवडून दिला. पैसे घेतले नाहीत. एवढं नेमकं साहाय्य मला याआधी विद्यापीठाच्या इमारतीतही क्वचितच मिळालंय.

२ ऑगस्ट

मिठाआधी छर्रा सरळ खाली. मीठ घालून तासभर उबेत ठेवल्यावर छर्रा नळीच्या मध्यावर रेंगाळला, नळी आणखी तिरपी केल्यावर कुठे हलला. निपाणीच्या मुलीने पुन्हा नवी नळी भरली, तरी तेच. तिने नळी उजेडाकडे धरली आणि कितीतरी वेळ कुणाशी बोलली नाही.

९ ऑगस्ट

आता तुलनेसाठी जिलेटीन. पाच टक्के जिलेटीन ४० अंशांवर पातळ करून पुटिकांत भरलं, सोबत एक मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे मणी. गार झाल्यावर आतला मणी थिजतो, स्लाइड गरम केली की पुन्हा थरथरू लागतो. बाहेरचं ग्लुकोज थोडं वाढवून पाणी ओढून घेतलं, तर रिकाम्या पुटिका लगेच सैल होऊन लवलवतात आणि जिलेटीनच्या पुटिका आकार धरून राहतात. म्हणजे आधार द्यायचं काम जिलेटीनही करतं.

येळ्ळूरच्या मुलाचा प्रश्न रास्त होता : “मग मॅडम, हाच सांगाडा का म्हणू नये?” उत्तर लगेच दिलं नाही. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि पुसायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं.

१६ ऑगस्ट

पावसाने खानापूरची गाडी आली नाही. तिघांबरोबर वाचन.

१९९२ मध्ये मियाता आणि होतानी या जपानी संशोधकांनी पुटिकांत सुटं ॲक्टिन भरलं आणि आतच तंतू होऊ दिले. गोल पुटिका कुठे चपटी झाली, कुठे दोन्ही टोकांना फुगून मध्ये बारीक झाली. पडद्याला बाहेरून कुणी हात लावला नव्हता. २००८ मध्ये ड्यूक विद्यापीठात ओसावा आणि एरिक्सन यांच्या गटाने जीवाणूंमधलं एफटीएसझेड हे प्रथिन नळीसारख्या पुटिकांत घातलं. त्याची आपोआप कडी झाली आणि जिथे कडी, तिथे नळी आवळली गेली. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सत्यजित मेयर यांच्या गटाने २०१६ मध्ये पडद्यावर ॲक्टिन आणि मायोसिन यांचा थर रचला, आणि एटीपी असताना तो पडद्यातले रेणू एका जागी कसे ओढून आणतो ते दाखवलं.

दुसरी वाट डीएनएची. हायडेलबर्गमधल्या केर्स्टिन ग्योप्फ्रिश यांच्या गटाने २०२२ मध्ये डीएनएच्या नळ्यांचा सांगाडा पुटिकांत उभा केला. २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात रॉनित फ्रीमन यांच्या गटाने डीएनए आणि पेप्टाइड (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) एकत्र विणले, आणि त्या पेशी ५० अंशांनाही टिकल्या. माणसाच्या पेशींना हे तापमान सोसत नाही. वाट सुंदर आहे, पण मागणीप्रमाणे डीएनए बनवून घेण्याचा खर्च आमच्या आवाक्यातला नाही.

गोकाकच्या मुलाने एक गोष्ट बरोबर टिपली. मियाता-होतानींच्या पुटिकांत ॲक्टिन आमच्या काढ्यापेक्षा बरंच दाट होतं. आमच्या पातळ काढ्याने आकार बदलेल अशी आशा धरायची नाही. पण जाळीचा हिशेब करता येतो : एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम ॲक्टिनचे तंतू झाले की जाळीची भोकं साधारण ०.३ मायक्रॉनची पडतात. एक मायक्रॉनचा मणी त्यात अडकायलाच हवा. मणी आमच्याकडे आहेतच.

२३ ऑगस्ट

सगळं बर्फावर. सुटं ॲक्टिन, मीठ, मणी आणि सुक्रोज एकत्र केलं की वेळ सुरू होतो. थंडीत तंतू हळू बनतात, तेवढ्यात पुटिका व्हायला हव्यात. गार तेल दाट होतं आणि थेंब मोठे राहतात, पण पुटिका झाल्या.

स्लाइडवर घेतल्या तेव्हा मणी आत मोकळे फिरत होते. प्लेट ३० अंशांवर आणून वाट पाहिली. मण्यांची फिरती थरथरीवर आली आणि पुढे बऱ्याच पुटिकांत ती थरथरही थांबली. मीठ न घातलेल्या जोडीच्या तुकडीत मणी शेवटपर्यंत फिरत होते. खानापूरच्या मुलीने सगळं मोबाइलच्या कॅमेऱ्यात घेतलं. व्हिडिओ वेगळ्या फोल्डरला, नाव आणि तारखेसह.

आमच्या पुटिकेत खऱ्या प्रथिनाचा सांगाडा उभा आहे. उभा आहे, एवढंच आज म्हणता येतं. फळ्यावरचा प्रश्न तसाच.

१३ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. जूनमध्ये ग्लिसरीनमध्ये घातलेल्या पट्ट्या बाहेर काढल्या. ग्लिसरीनने पेशींचे पडदे फाटतात, आतलं विरघळणारं सगळं निघून जातं, मागे राहते ती फक्त ॲक्टिन आणि मायोसिनची रचना. सेंट-ग्यॉर्गी यांनी १९४९ मध्ये ही पद्धत दाखवली.

सुया घेऊन स्नायूचा एक बारीक तंतू सोडवला, स्लाइडवर ठेवला, शेजारी पारदर्शक पट्टी. एटीपी पाण्यात घातला की आम्ल होतो, म्हणून आधी पीएच सातवर आणला. मग मॅग्नेशियमसह एक थेंब.

तंतू आखडला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, काही क्षणांत. तीन महिने फ्रीजरमध्ये पडलेलं, ज्यात एकही पेशी जिवंत नाही, ते इंधन मिळताच ओढू लागलं. नुसत्या मिठाच्या थेंबाने काही झालं नव्हतं. “हलायलंय की!” गोकाकचा मुलगा ओरडला, आणि मग तेच कन्नडमध्ये.

जिलेटीनवर एटीपी टाकला तर काहीच होत नाही. हेही करून पाहिलं, कारण बोलून सांगणं आणि करून पाहणं यांत फरक आहे. फळ्यावरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आज मिळालं. अर्धंच, कारण हा ओढणारा हात मायोसिनचा. ॲक्टिन एकटं असताना काही करतं का, ते अजून दाखवायचंय.

२७ सप्टेंबर

डीएनेज-१ पुण्याहून रात्रीच्या बसने बर्फाच्या पिशव्यांत आलं. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर, पुणं त्याहून बरंच जवळ, म्हणून थंड माल आम्ही तिकडूनच मागवतो.

हे विकर डीएनए कापण्यासाठी प्रसिद्ध. पण १९७४ मध्ये लाझारिडेस आणि लिंडबर्ग यांनी दाखवलं की पेशीत त्याला अडवणारं जे प्रथिन आहे ते ॲक्टिनच. डीएनेजचा एक रेणू ॲक्टिनच्या एका सुट्या रेणूला घट्ट धरतो आणि मग तो रेणू तंतूत परत जाऊ शकत नाही.

चार काचनळ्या भरल्या. पहिलीत तयार झालेले ॲक्टिनचे तंतू, दुसरीत तेच तंतू आणि डीएनेज, तिसरीत गार जिलेटीन, चौथीत जिलेटीन आणि डीएनेज. चौथी नळी खानापूरच्या मुलीच्या आग्रहाने. तिचं म्हणणं, विकत आणलेल्या विकरात प्रथिनं चिरणारा दुसरा कुठला विकर मिसळलेला असेल तर तो जिलेटीनला आधी खाईल आणि आपल्याला कळेल. फार चांगला विचार. रात्रभर ठेवलं.

२८ सप्टेंबर

पहिली : छर्रा रेंगाळला, कालसारखाच. दुसरी : सरळ खाली. तिसरी आणि चौथी : छर्रा वरच अडकलेला.

यावर आम्ही दुपारभर बोललो. डीएनेज सुटे रेणू पकडतं. तरीही रात्रीत तंतू नाहीसे झाले. म्हणजे तयार तंतूतून रेणू सतत सुटत होते, आणि एरवी तेवढेच परत जोडले जात होते. बाहेरून आम्हाला दाट, शांत द्रावण दिसत होतं, पण आत देवघेव कधीच थांबली नव्हती. सुटलेला रेणू परत जाऊ दिला नाही, तेव्हा ती उघडकीला आली. जिलेटीनमध्ये डीएनेजला पकडता येईल अशा रेणूंची देवघेव नाही, म्हणून त्याचं काही बिघडलं नाही.

एटीपी असताना या देवघेवीला दिशा येते. तंतूच्या एका टोकाला एटीपीवाले रेणू जोडले जातात, जोडल्यावर एटीपी मोडतो, आणि दुसऱ्या टोकाकडून जुने रेणू गळतात. निपाणीच्या मुलीने सांगितलेला दाखला इथे लिहून ठेवते. चिखलात उसाची ट्रॉली रुतली की चाकाखाली फळ्या टाकतात, आणि ट्रॉली पुढे गेली की मागची फळी उपसून पुढे आणून टाकतात. फळ्या तेवढ्याच, पण रस्ता सरकतो. पेशीची पुढची कड अशीच सरकते. तिच्या घरी ऊस आहे, हे तिला शिकवावं लागलं नाही.

येळ्ळूरच्या मुलाने स्वतः उठून फळ्यावरचा प्रश्न पुसला.

११ ऑक्टोबर

दिवाळीआधी मर्यादा नोंदवून ठेवतो. शुद्ध ॲक्टिनमध्ये ही सरकण्याची क्रिया फार संथ असते. खऱ्या पेशीत कोफिलिन जुने तंतू तोडतं, प्रोफिलिन सुट्या रेणूंना पुन्हा एटीपी मिळवून देतं, एआरपी २/३ नावाचा प्रथिनसमूह सुमारे ७० अंशांच्या कोनात नव्या फांद्या फोडतो, आणि टोपी घालणारं प्रथिन नको असलेली टोकं बंद करतं. १९९९ मध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने मोजक्या शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात लिस्टेरिया आणि शिगेला हे जीवाणू ॲक्टिनच्या जोरावर पुढे सरकवून दाखवले. पूर्ण पेशी लागत नाही, नेमके भाग लागतात, हे तेव्हाच सिद्ध झालंय. आमच्या पुटिकेत त्यांतला एकच भाग आहे.

दुसरी मर्यादा इंधनाची. पुटिकेत भरलेला एटीपी एकदाच मिळतो. तो संपला की एडीपी, म्हणजे एटीपी मोडून उरलेला रेणू, साठतो आणि काम थांबतं. क्रिएटिन फॉस्फेट आणि क्रिएटिन कायनेज हे विकर सोबत भरलं तर एटीपी काही काळ पुन्हा तयार होत राहील. स्नायूही हेच करतो. हे आमच्या खर्चात बसतं, म्हणून हे आधी.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड : तंतू पडद्याला कुठेच बांधलेले नाहीत. सांगाड्याने ओढलं तरी पडद्याला ते कळणार नाही.

१५ नोव्हेंबर

सुट्टीनंतर पाऊस संपला, हवा कोरडी झाली, आणि पुटिकांचं उत्पन्न पाहताच कळण्याइतकं वाढलं. जूनमध्ये डेसिकेटरवर जे कष्ट घेतले ते आता निम्म्याने पुरतात. पुढच्या वर्षी पुटिकांचं मुख्य काम नोव्हेंबर ते मार्च ठेवायचं, पावसाळ्यात प्रथिनं काढायची.

क्रिएटिन कायनेजसह पहिली तुकडी आज भरली. मणी आधीसारखेच थांबले, म्हणजे नव्या मिश्रणाने तंतू बनण्याला बाधा आली नाही. एटीपी किती वेळ टिकतो ते काचनळीत वेगळं पाहायचं आहे, ते काम गोकाकच्या मुलाकडे. पडद्याला बांधण्यासाठी निकेल धरणारं मेद आणि निकेलला चिकटणारी हिस्टिडिनची शेपटी असलेलं प्रथिन ही जोडी वापरायची. मेदाची किंमत विचारली आहे. कोफिलिन जीवाणूंत वाढवून घ्यायचं, त्यासाठी शेकर शेजारच्या विभागाकडून मागून ठेवलाय. निपाणीची मुलगी आणि मी २४ तारखेला त्याची जुळणी सुरू करू.